कडू मिठाची तक्रार

आमच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्या माणसाला हेल्मेट आणि बूट मिळायच्या आधी दोन खडे मिळायचे. दोन्ही गुलाबी, दोन्ही हरभऱ्याच्या डाळीएवढे. मिठागरांत हयात घालवून आमच्या टाक्यांवर आलेले भंवरलालजी ते तळहातावर घेऊन समोर धरायचे आणि म्हणायचे, "चाखून सांगा, मीठ कोणतं आणि पोटॅश कोणतं."

डोळ्यांना फरक कळत नाही. जिभेला लगेच कळतो. मीठ नुसतं खारट. पोटॅश आधी खारट लागतं आणि मग जिभेच्या कडांना धरतं, घशापाशी कडवट होतं, धातूचा चमचा चाटल्यासारखं. ज्याला हा फरक तिसऱ्या दिवसापर्यंत कळत नसे, त्याला भंवरलालजी ट्रक मोजायच्या कामावर पाठवायचे आणि साहेबलोकही त्यात पडायचे नाहीत.

ही गोष्ट मी शांतपणे सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. चौकशी समितीसमोर मला तीनदा "आवाज खाली" असं बजावलं गेलं. इथे बजावणारं कुणी नाही.

मी करुणा रामटेके. मूळची उमरेडची. आमच्याकडच्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या तेव्हा उमरेड, वणी, चंद्रपूरकडची दोन-अडीचशे कुटुंबं राजस्थानात लूणासरला आली. इथे वाळूच्या खाली सहाशे मीटरवर एका आटलेल्या समुद्राचा गुलाबी थर सापडला होता. मी बारा वर्षांपूर्वी आले आणि गेली सहा वर्षं शिफ्ट इन्चार्ज होते. म्हणजे आठ तासांपुरता अख्खा कारखाना माझा.

या थरात मीठ, पोटॅश आणि चिकणमाती एकमेकांत गुंतलेली असतात. दगड वर आणून बारीक फोडला की पहिलं काम माती धुण्याचं. आता पाण्यात विरघळणारी वस्तू पाण्यानं धुवायची कशी? त्याची युक्ती साधी आहे. आधी पाण्याला मीठ आणि पोटॅश पोटभर पाजायचं, इतकं की आणखी एक कण घ्यायला त्यात जागा उरू नये. अशा तुडुंब पाण्यात दगड घोळला की माती तेवढी निघून जाते आणि कण जसेच्या तसे राहतात.

मग मोठाल्या टाक्यांत त्याच पाण्यात एक औषध घालतात. ते फक्त पोटॅशच्या कणांना चिकटतं आणि त्या कणांना पाण्याचा तिटकारा आणतं. खालून हवा सोडली की पोटॅश बुडबुड्यांना धरून फेसावर येतं, मीठ तळाला बसतं. वरचा फेस काढायचा, गरगर फिरवून पाणी उडवायचं, भट्टीत सुकवायचं, चाळायचं. जाड लाल दाणे खत म्हणून जातात. बारीक चुरा गरम पाण्यात विरघळवतात. गरम पाण्यात पोटॅश भरपूर मावतं, गार पाण्यात कमी. मिठाला मात्र गरम-गारचं फारसं देणंघेणं नाही. त्यामुळे पाणी निवलं की शुद्ध पोटॅशचे पांढरेशुभ्र स्फटिक खाली पडतात. ते औषधांत जातात, आणि खाण्यात.

फेस चांगला आला की नाही हे सांगायला यंत्राला वीस मिनिटं लागत. भंवरलालजी चिमूटभर फेस जिभेवर ठेवून, थुंकून, तीन सेकंदांत सांगायचे. माझी जीभ त्यांच्याच हाताखाली तयार झाली.

*

घरात मी आणि माझी ताई. संघमित्रा रामटेके, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहावीत होते, तिनंच मला वाढवलं. माझ्या शिक्षणापायी तिनं लग्न केलं नाही असं लोक म्हणतात. ती म्हणते, बरा माणूसच भेटला नाही.

चार वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिस. जेवणातलं पोटॅशियम निरोगी माणसाचं मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं. ज्याचं बंद पडलं, त्याच्या रक्तात ते साठत जातं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की हृदयाचे ठोके विसकटतात आणि थांबतात. म्हणून केळं बंद, नारळपाणी बंद, बटाटा चिरून, भिजवून, पाणी फेकून.

आणि मिठावर पहारा. कारण तोवर कंपनीनं खाण्याचं मीठ बाजारात आणलं होतं, 'हृद्य' नावाचं. साठ टक्के पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचाच क्षार, आणि चाळीस टक्के साधं मीठ. रक्तदाबाला खरोखरच चांगलं. सोडियम कमी झालं की दाब उतरतो, लकवे टळतात, हे खोटं नाही आणि मी ते कधी खोटं म्हटलं नाही. पण ते कडवट होतं. लोकांनी एकदा नेलं, दुसऱ्यांदा नेलं नाही.

मला तो कडवटपणा सोयीचा होता. बाहेरचा कुठलाही पदार्थ ताईच्या पानात पडायच्या आधी मी त्यातला घास चाखायचे. कडांना धरलं नाही तर ताट पुढे सरकवायचे. तीन वर्षं असं चाललं आणि एकदाही चूक झाली नाही.

*

दोन वर्षांपूर्वी निखिल सरंजामे नावाचे साहेब खाद्य विभागाचे प्रमुख होऊन आले. त्यांच्यापाठोपाठ निळे ड्रम आले. वर लिहिलेलं, 'गुठळीरोधक'. आम्ही त्याला निळं तेल म्हणायचो. पोती भरायच्या आधी 'हृद्य'च्या पांढऱ्या मिठावर त्याचा बारीक फवारा बसायचा. गुठळ्या खरंच कमी झाल्या, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

भंवरलालजींचे गुडघे गेले होते, म्हणून टाक्यांच्या जिन्यांवरून त्यांना मी भरणी विभागात आणलं होतं. तिथे तोंडात काही घालायला मनाई. खाण्याचा माल ना! पण म्हाताऱ्याची पन्नास वर्षांची सवय. एक दिवस ते माझ्या केबिनमध्ये आले.

"बेटी, पोत्यात नुसतं लूण, साधं मीठच भरलं जातंय. पोटॅश नाहीच त्यात."

मी प्रयोगशाळेत नमुना पाठवला. यंत्र म्हणालं, साठ टक्के पोटॅश. मी त्यांना तसं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले. तिसऱ्यांदा त्यांनी बटण दाबून भरणीच बंद पाडली.

मग कंपनीच्या दवाखान्यात त्यांची जीभ तपासली गेली. भरणीतल्या मिठाच्या पाच पुड्या दिल्या. त्यांनी पाचही वेळा सांगितलं, लूण. कागद तयार झाला: 'चव ओळखण्याची क्षमता गमावली आहे. जिभेवर आधारित निरीक्षण यापुढे ग्राह्य धरू नये.' खाली डॉक्टरची सही, सरंजाम्यांची सही आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून माझी सही.

मी ते मीठ तेव्हा स्वतः चाखलं का? नाही. नियम होता, हे एक. आणि मनातून वाटलं, म्हातारा झाला बिचारा. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गेली आणि दोर ओढणाऱ्यांत मी होते. भंवरलालजींनी हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं, राम राम केला आणि गेले. त्यानंतर दोन खड्यांची पद्धतही बंद झाली. अस्वच्छ आहे म्हणे.

*

चौदा एप्रिलला आमच्या वसाहतीच्या सभागृहात मोठी पंगत असते. सकाळी वंदना, भाषणं, आणि दुपारी मसालेभात, कढी, बुंदी. चार वर्षं ताई भाषणं ऐकून घरी यायची आणि तिचं ते पांचट जेवण जेवायची. यंदा ती हटून बसली.

"करुणा, आज मले पंगतीत बसू दे."

"ताई, डॉक्टरनं काय सांगितलं तुले?"

"डॉक्टरले काय जाते सांगाले! भात खाईन फक्त. भाज्या बाजूला काढीन. अवं, माणसात बसून जेवल्याले चार वर्षं झाली मले."

मी आचाऱ्याकडे गेले. विचारलं, मीठ कोणतं वापरलं? तो म्हणाला, "बाई, मीठ म्हणजे मीठ. पोत्यातलं." पोतं रिकामं होऊन गेलं होतं, मीठ स्टीलच्या पिंपात ओतलेलं. मी पळीभर भात पानावर घेतला आणि सावकाश चाखला. जीभ कडेनं फिरवली, घशापाशी थांबले. चिमूटभर मीठ पिंपातलंही चाखलं. स्वच्छ खारट. कडवटपणाचं नावही नाही.

मी ताईला म्हणाले, "खा. साधं मीठ आहे."

तिनं खाल्लं. दोन वेळा भात मागून घेतला, कढी प्यायली. शेजारच्या बाईला वर्गातल्या गमती सांगत होती. मी समोरच्या ओळीत बसून तिच्याकडे पाहत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

पाच वाजता चहा ठेवत होते तेव्हा तिनं हाक मारली. पलंगावरून उठताच येईना. पाय हलत नव्हते, ओठ बधिर झाले होते. शहरापर्यंत चाळीस मिनिटं लागतात, आम्ही तीसमध्ये पोहोचलो. डॉक्टरनं हृदयाचा आलेख पाहिला आणि ओरडूनच नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं. रक्तातलं पोटॅशियम सात पूर्णांक नऊ होतं. साडेपाचच्या वर आम्ही घाबरायचो. तिला तसंच उचलून डायलिसिसला लावलं.

"काय खाल्लं यांनी?" डॉक्टर मला विचारत होता. "पोटॅशवालं मीठ दिलंत का?"

"नाही," मी म्हणाले. "मी चाखलंय. मी पोटॅशच्याच कारखान्यात आहे, डॉक्टर."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथेच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

ताई वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले. "तू तं म्हणे, साधं मीठ आहे," एवढंच म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती.

*

आचाऱ्याकडून मी पिंपातलं उरलेलं मीठ आणि कचऱ्यातून काढलेलं पोतं आणलं. पोत्यावर 'हृद्य' आणि खाली 'नवी चव'. मागच्या बाजूला बारीक अक्षरांची ओळ होती: अनुमत चव-सुधारक समाविष्ट.

मीठ पुन्हा चाखलं. खारट. आता मला जिभेवर विसंबायचं नव्हतं आणि यंत्रावरही नाही. मग जे काम बारा वर्षं टाक्यांमध्ये केलं तेच स्वयंपाकघरात केलं. त्याच मिठाची मूठ-मूठ पाण्यात घालत गेले, तळाशी साका राहीपर्यंत. तुडुंब पाणी तयार झालं. त्यात उरलेलं मीठ घोळलं, पाणी ओतून दिलं, पुन्हा घोळलं. तीनदा. कण विरघळणार नव्हते. त्यांच्यावर काही माखलेलं असेल तर ते जाणार होतं. फडक्यावर सुकवलं, चूळ भरली, अर्धा तास थांबले आणि एक कण जिभेवर ठेवला.

कडांना धरलं. घशापर्यंत कडू झालं.

भंवरलालजी बरोबर होते. त्यांची जीभ बरोबर होती, माझीही बरोबर होती. आमच्या जिभेला फसवायचं औषध आमच्याच हातांनी मिसळून घेतलं होतं आणि वर लिहिलं होतं, गुठळीरोधक.

नंतर मी त्याचं शास्त्र समजून घेतलं. जिभेवर कडू ओळखणारी वीस-पंचवीस प्रकारची कुलुपं असतात. पोटॅश त्यातली काही उघडतं, मग मेंदूला निरोप जातो: थुंक. निळ्या तेलात प्रथिनाचा एक घडवलेला तुकडा होता. तो त्या कुलुपांत जाऊन दहा मिनिटं बसतो. तेवढ्यात घास पोटात गेलेला असतो. हुशार माणसाचं काम आहे, यात शंका नाही. पण कुलुपं बंद होतात ती जिभेवरची. हृदयाला हे तेल फसवू शकत नाही.

*

सरंजामे साहेबांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी उभीच राहिले.

"करुणाताई, तुमच्या बहिणीबद्दल ऐकून वाईट वाटलं. पण पोत्यावर लिहिलंय. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा."

"पंगतीत पोतं वाढत नाहीत, साहेब. भात वाढतात."

"या मिठानं दरवर्षी किती लकवे टळतात, माहीत आहे तुम्हाला?"

"आहे. मी बंद करा म्हणतच नाही. गुलाबी करा. दगड मुळात गुलाबीच आहे की! नाहीतर थोडा कडवटपणा राहू द्या. ज्याच्यासाठी ते विष आहे, त्याला पहिल्या घासाला कळू द्या."

"गुलाबी करून पाहिलं. विक्री निम्म्यावर आली. आणि कडवटपणा हा दोष होता, ताई. कंपनीनं तीन वर्षं तो काढण्यात घालवली."

"आम्हाला का नाही सांगितलं? ड्रमवर गुठळीरोधक का लिहिलं?"

"गुठळ्याही थांबतात ना त्यानं?" असं म्हणून ते हसले. खरंच हसले.

मी म्हणाले, मी अन्न खात्याकडे तक्रार करते. त्यांनी शांतपणे ड्रॉवर उघडून एक कागद माझ्यासमोर सरकवला. 'जिभेवर आधारित निरीक्षण यापुढे ग्राह्य धरू नये.' खाली माझी सही.

"तुमची तक्रार कशावर उभी आहे? चवीवर. आणि चव हा पुरावा नाही, हे तुम्हीच लिहून दिलंय. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं, करुणाताई. कंपनीनं तुम्हाला खूप दिलंय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काय बोलले ते आता धड आठवत नाही. शिपाई दारात येऊन उभा राहिला एवढं आठवतं. तक्रार मी केलीच. महिन्यानं उत्तर आलं: पोटॅशचं प्रमाण मानकानुसार, सूचना छापलेली, चव हा निकष नाही.

*

भंवरलालजींच्या ढाणीवर मी सकाळीच गेले. चार झोपड्या, एक खेजडीचं झाड, दोन उंट. धुतलेल्या मिठाची पुडी मी त्यांच्यापुढे ठेवली, न धुतलेलीही ठेवली आणि सगळं सांगितलं. माफी मागितली.

त्यांनी आधी धुतलेली पुडी चाखली, मग न धुतलेली.

"बेटी, दोन वर्षं मी जेवताना सुनेला विचारतो, भाजीत मीठ बरोबर आहे का," ते म्हणाले. "कागदावर लिहिलं होतं माझी जीभ गेली. शिकलेल्या लोकांची सही होती. मी कागदावर भरोसा ठेवला, जिभेवर नाही."

मला रडू आलं. त्यांना आला तो संताप. सत्तर वर्षांचा माणूस उठला आणि न धुतलेली पुडी त्यानं उकिरड्यावर भिरकावली.

घरी ताईची वेगळीच गत झाली होती. ती आता माझ्या हातचं काही खात नव्हती. स्वतः भात शिजवायची, बिनमिठाचा, आणि तोच खायची. मी सवयीनं तिच्या ताटाकडे हात नेला तर तिनं ताट मागे ओढलं.

"चाखू नको. तुह्या जिभेचा भरोसा नाही राह्यला मले."

"माझी काय चूक त्यात, ताई?"

"चूक कोनाची हे मले नको सांगू. हे सांग, तुले ते धुवून पाहाचं सुचलं, कारण तू कारखान्यात हायेस. आता गावोगावचे जे माह्यासारखे डायलिसिसवर हायेत, त्याईनं काय करावं? त्याईच्या घरी कोन धुवून देऊन राह्यलं?"

"मी तक्रार केली ना."

"अर्ज केला म्हनते! वर्गात आग लागली तं मी हेडमास्तरले अर्ज लिहीत बसू का? पोरं बाहेर काढीन मी."

*

मी पहिल्या पाळीला होते. सकाळी सहा वाजता निळ्या तेलाच्या पंपाचा आकडा शून्यावर आणला आणि जुनं, साधं गुठळ्यांचं औषध चालू केलं, जे आधी दहा वर्षं वापरात होतं. चोरून नाही. नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चव-सुधारक बंद. कारण: कडवटपणा राहणं आवश्यक आहे. क. रामटेके.' दोन वाजता पाळी संपताना आकडा पूर्ववत.

वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत मला बोलावतील. कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशीही. पडद्यावर शुद्धता बरोबर होती, ओल बरोबर होती, दाण्याचा आकार बरोबर होता. नोंदवही कुणी उघडत नव्हतं. आणि चाखून पाहणारा एकही माणूस त्या अख्ख्या कारखान्यात त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता. नऊ दिवस, रोज चाळीस टन. तीनशे साठ टन कडू मीठ देशभर गेलं आणि शेवटी ते पकडलं ते गिऱ्हाइकांनी.

मग काय विचारता! सात हजारांवर तक्रारी. फोन, व्हिडिओ, पत्रं. वरण कडू झालं, लोणचं कडू झालं, साखरपुड्याचं जेवण वाया गेलं. जे मीठ जीव घेऊ शकत होतं, त्याच्याविरुद्ध त्याआधी एकही तक्रार नव्हती. ज्यांनी करायची ते पोटॅशियम वाढून गेले असतील आणि दाखल्यावर 'हृदयविकार' लिहिलं गेलं असेल, हे मी पुराव्यानिशी सांगू शकत नाही. पण मी ते म्हणणार आहे.

मला निलंबित केलं. आरोप होता भेसळीचा. पुन्हा वाचा: भेसळीचा. छापलेला घटक मालात नव्हता, म्हणून माल भेसळयुक्त. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

*

चौकशी समितीत तिघं होते. अध्यक्ष दिल्लीकडचे वयस्कर गृहस्थ, बाजूला एक वकील आणि सरंजामे. समोर तक्रारींचे गठ्ठे.

"तुम्ही उत्पादनात काय मिसळलंत?" अध्यक्षांनी हिंदीत विचारलं.

"काहीही नाही. एक गोष्ट मिसळायची थांबवली."

"म्हणजे कबूल आहे."

"नोंदवहीत नऊ वेळा कबूल केलंय. तुम्ही पहिल्याच दिवशी वाचायचं होतं."

"आवाज खाली," वकील म्हणाला.

सरंजाम्यांनी मग माझ्यामुळे लोकांना किती मनस्ताप झाला हे दाखवायला तक्रारी वाचायला सुरुवात केली. दहा-बारा झाल्यावर मराठी पत्रांचा गठ्ठा आला. अध्यक्षांना मराठी येत नव्हती. ते मला म्हणाले, "यातली दोन-चार तुम्हीच वाचा आणि अर्थ सांगा. तुम्ही काय केलंत ते तुमच्याच तोंडून ऐकू द्या."

शिक्षाच होती ती. पहिलं पत्र साताऱ्याच्या खानावळवाल्याचं होतं, त्यानं शिव्या घातल्या होत्या. मी त्या शिव्यांसकट वाचलं. दुसरं वहीच्या पानावर निळ्या पेनानं लिहिलेलं होतं. सोनगीर, जिल्हा धुळे.

"साहेब, मी शोभा रतन माळी. आमच्या घरात तुमचं मीठ दुकानदारानं नवीन म्हणून दिलं. आमच्या मालकांच्या किडन्या खराब आहेत, तीन वर्षांपासून धुळ्याला मशीनवर रक्त धुवायला नेते. त्यांना तशीही कशाचीच चव राहिली नाही. त्या दिवशी फार दिवसांनी त्यांनी तूरडाळीचं वरण कर म्हणून सांगितलं. मी केलं. त्यांनी एक घास घेतला आणि थुंकला, म्हणाले कडू जहर आहे. मी बळंच खाऊ घालायला गेले तर ताट लोटून दिलं. सगळं वरण गुराला घालावं लागलं. आमचा माणूस त्या दिवशी उपाशी झोपला. तुम्हाला आजारी माणसाचे तळतळाट लागतील. आता ते बरे आहेत, पण तुमचं मीठ घरात आणू देत नाहीत."

मी हिंदीत अर्थ सांगितला. एकही शब्द गाळला नाही. शेवटच्या दोन ओळी पुन्हा सांगितल्या.

सरंजामे टेबलावरचे कागद सारखे करू लागले. अध्यक्षांनी ते पान माझ्या हातातून घेतलं. येत नसलेल्या भाषेतल्या त्या ओळींवरून ते बोट फिरवत राहिले. मग नियमाप्रमाणे विचारायचं ते त्यांनी विचारलं.

"ही तक्रार तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे," मी म्हणाले. "तो माणूस त्या दिवशी उपाशी राहिला तो माझ्यामुळेच."